लाजेचा बाजारभाव

नांदेड असो की लातूर, एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर एक जाहिरात वर्षानुवर्षं चिकटवलेली दिसते: ‘रुग्णाला न सांगता व्यसन सोडवा.’ खाली मोबाइल नंबर. औषधाचं नाव नसतं, डॉक्टरांचं नसतं, किंमतही नसते. याच लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा भाव चारचौघांत पुकारला जातो, काटा डोळ्यांसमोर होतो, पट्टी हातात पडते आणि क्विंटलमागे शंभर रुपये कमी मिळाले तर शेतकरी भांडायला उभा राहतो. तोच शेतकरी पोराची नशा सुटावी म्हणून एखाद्या केंद्राच्या पायऱ्या चढतो तेव्हा औषध कसलं, किती दिवसांचं, कितीला आणि पावती मिळेल का, यातलं काहीच विचारत नाही. हे गावात कुणाला कळू नये, एवढीच त्याची विनवणी असते. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. अफूच्या जातीच्या नशांवरील उपचारात औषध कंपन्या आणि केंद्रचालक जो अवाजवी नफा कमावतात, तो रुग्णाच्या लाजेवर उभा असतो आणि ती लाज त्याला आपण दिलेली असते. म्हणून कंपन्यांवर नुसता राग काढून भागणार नाही. रुग्णाकडे बघण्याची आपली नजर आणि कंपनीचा ताळेबंद या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

अफूच्या जातीची नशा म्हणजे कोणती, हे आधी स्पष्ट करायला हवं. कारण मराठवाड्यात नशा म्हटलं की दारू आठवते आणि अलीकडे वर्तमानपत्रांमुळे ‘एमडी’. एप्रिल 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यात रोहिणा या गावी मेफेड्रोन म्हणजेच एमडी बनवण्याचा कारखाना पकडला, 11 किलोंहून अधिक माल जप्त केला आणि जिल्हा हादरला. पण एमडी ही वेगळ्या जातीची नशा आहे. अफूच्या घराण्यात येतात ती अफू, बोंडांचा डोडाचुरा, मॉर्फिन, हेरॉइन म्हणजे आपल्याकडचा गर्द, खोकल्याच्या औषधातलं कोडीन आणि ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या. नोव्हेंबर 2021 मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने नांदेडमध्ये छापा घालून 111 किलो डोडाचुरा आणि सुमारे दीड किलो अफू पकडली, सोबत दळायची यंत्रं आणि नोटा मोजायचं यंत्रही. बोंडं दळायला यंत्र लागावं आणि नोटा मोजायलाही, याचा अर्थ घेणारे रोजचे आहेत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार 10 ते 75 वयोगटातल्या 2.06 टक्के भारतीयांनी वर्षभरात अफूच्या जातीचा पदार्थ घेतला होता. हेरॉइन घेणारे 1.14 टक्के, तर औषधांच्या रूपातली अफू घेणारे 0.96 टक्के. उपचारांची गरज असलेल्यांची संख्या सुमारे 77 लाख होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत राहतात, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. हेरॉइनच्या जवळपास बरोबरीने औषधं नशेसाठी घेतली जातात, ही या पाहणीतली सर्वांत महत्त्वाची नोंद. औषधाच्या गोळ्या सीमेपलीकडून चोरून आणाव्या लागत नाहीत. त्या परवाना असलेल्या कारखान्यात बनतात.

या नशेचा उपचार कसा होतो, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. शरीराला रोज अफू मिळण्याची सवय झाली की ती बंद होताच नाक-डोळे वाहू लागतात, हाडं ठणकतात, जुलाब लागतात, अंगावर काटा येतो आणि झोप उडते. या त्रासापासून पळण्यासाठी माणूस पुन्हा नशेकडे धावतो. त्यात मौजेचा भाग केव्हाच संपलेला असतो. बुप्रेनॉर्फिन हे औषध मेंदूत अफू जिथे चिकटते त्याच जागांना जाऊन चिकटतं, पण त्यांना अर्धवटच जागं करतं. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा पुष्कळ कमी असतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांवर ते देण्याची रीत अशी: परिचारिका गोळी कुटून तिची पूड रुग्णाच्या जिभेखाली ठेवते. तो बाकावर बसून राहतो. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पाच-दहा मिनिटांत पूड विरघळली की तो तोंड उघडून, जीभ वर करून दाखवतो आणि कामाला जातो. उद्या पुन्हा. कुणी हमाली करत असतो, कुणी रिक्षा चालवत असतो. त्या बाकावरच्या दहा मिनिटांत त्याचा पुढचा दिवस सांभाळला जातो: काटा येणार नाही, चोरी करावी लागणार नाही, सुई टोचावी लागणार नाही. क्षयरोगाच्या ‘डॉट्स’च्या गोळ्या आरोग्य सेवकासमोर गिळणारी माणसं मराठवाड्यातल्या गावागावांत आहेत. ही रीत त्याच घरातली आहे.

गुण येतो का, याचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते स्वच्छ आहे. स्वीडनमधल्या 40 हेरॉइनग्रस्तांवर झालेला अभ्यास 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सगळ्यांना समुपदेशन सारखंच मिळालं. निम्म्यांना वर्षभर बुप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्यांना ते सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे नुसती दिखाऊ गोळी दिली. वर्ष संपलं तेव्हा औषध मिळणाऱ्यांपैकी 75 टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नव्हता आणि वीसपैकी चौघे मरण पावले होते. 2017 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका संशोधनाने अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले: बुप्रेनॉर्फिन घेत असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला 4.3 मृत्यू, तर उपचार सुटल्यावर 9.5. मेथाडोन या अशाच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हेच प्रमाण 11.3 आणि 36.1. फ्रान्सने 1995 मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना बुप्रेनॉर्फिन देण्याची मुभा दिली आणि 1999 पर्यंत अतिमात्रेने होणारे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधं 2005 पासून आहेत. भारतात ही गोळी काही रुपयांत बनते. म्हणजे औषध सापडलेलं आहे, स्वस्त आहे आणि जीव वाचवतं, हे सिद्ध झालेलं आहे. तरी ‘एम्स’च्या त्याच पाहणीनुसार बेकायदा मादक पदार्थांच्या विळख्यात अडकलेल्या दर वीस जणांपैकी एकालाच आजवर कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. उरलेले एकोणीस कुठे जातात, या प्रश्नाच्या उत्तरात नफ्याची सगळी कथा दडलेली आहे.

ही कथा अमेरिकेत उघडी पडली, कारण तिथल्या न्यायालयांनी कंपन्यांची आतली कागदपत्रं बाहेर काढली. पर्ड्यू फार्माने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि या गोळीची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. 2007 मध्ये फसव्या प्रचाराचा गुन्हा कबूल करून 60 कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरण्याची पाळी आली. 1999 पासून अफूच्या जातीच्या पदार्थांच्या अतिमात्रेने अमेरिकेत सुमारे आठ लाख माणसं गेली आहेत. पर्ड्यूविरुद्धच्या न्यायालयीन दाव्यांतून पुढे आलेली दोन कागदपत्रं एकापुढे एक ठेवून वाचावीत. पहिलं म्हणजे पर्ड्यूच्या मालक कुटुंबातल्या रिचर्ड सॅकलर यांनी 2001 मध्ये लिहिलेला ईमेल. गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्यांवर शक्य त्या सर्व मार्गांनी घाव घालायला हवेत, खरे दोषी तेच आहेत, ते बेपर्वा गुन्हेगार आहेत, असा त्याचा आशय आहे. दुसरं, त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी कंपनीत ‘प्रोजेक्ट टँगो’ नावाने झालेली आखणी. वेदना आणि व्यसन हे दोन बाजार मुळात जोडलेले आहेत, तेव्हा आपण व्यसनमुक्तीच्या औषधांतही उतरावं, असा विचार तीत मांडला होता. ती योजना प्रत्यक्षात आली नाही. पण बुप्रेनॉर्फिन देण्याच्या एका नव्या प्रकाराचं पेटंट 2018 मध्ये मंजूर झालं आणि त्याच्या संशोधकांत रिचर्ड सॅकलर यांचं नाव होतं. गोळी खपवताना ज्याला गुन्हेगार म्हटलं, उपचार विकताना त्यालाच गिऱ्हाईक धरलं. या दोन कागदांत विसंगती नाही. पहिल्यामुळेच दुसरा शक्य होतो. दोष रुग्णाचा आहे असं एकदा ठरलं की कंपनीचं देणं संपतं आणि त्या रुग्णाच्या बाजूने भांडायला कुणी उरत नाही.

उपचाराच्या औषधाचाच नफ्यासाठी कसा वापर होतो, हे सबॉक्झोनच्या इतिहासात दिसतं. बुप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन यांची ही गोळी रेकिट बेन्किझर या ब्रिटिश कंपनीने आणली. अमेरिकेत तिला 2002 मध्ये मान्यता मिळाली. तिची मक्तेदारी 2009 मध्ये संपणार होती आणि मग स्वस्त गोळ्या आल्या असत्या. कंपनीने तेच औषध जिभेखाली ठेवायच्या पातळ पट्टीच्या रूपात आणलं, त्या पट्टीची पेटंटं घेतली आणि 2012 मध्ये गोळी मागे घेत असल्याचं जाहीर केलं. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागतात आणि पट्टी सुरक्षित आहे, हे कारण दिलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते मान्य केलं नाही. 2019 मध्ये रेकिटने गुन्हा न कबूल करता 140 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तिच्यातून वेगळी झालेली इंडिव्हिअर 2020 मध्ये 60 कोटी डॉलर द्यायला तयार झाली. तिच्या एका उपकंपनीने गुन्हा कबूल केला तो नेमका लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एका राज्याच्या आरोग्य योजनेला दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा. माजी मुख्य कार्यकारी अधिकारी शॉन थॅक्स्टर यांना सहा महिन्यांची कैद झाली. मदत हवी असलेल्या रुग्णांसाठी म्हणून चालवलेली कंपनीची फोनसेवा त्यांना बेसुमार गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवत होती, असाही सरकारी पक्षाचा आरोप होता. हे औषध चांगलं आहे, हे विसरता कामा नये. वाईट आहे तो बुडणाऱ्या माणसाला दिलेल्या दोराचा भाव तो बुडत असताना ठरवण्याचा धंदा.

हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर पालघरकडे पाहावं. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने उघड केलं की आपल्या पालघर जिल्ह्यातली अ‍ॅव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचं मिश्रण असलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टमध्ये पाठवत होती. हे मिश्रण जगात कुठेही मान्यताप्राप्त नाही. छुप्या कॅमेऱ्यापुढे कंपनीच्या संचालकाने या गोळ्या आरोग्याला घातक असल्याचं मान्य केलं आणि हल्ली धंदा असाच असतो, असंही सांगितलं. त्यानंतर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धाड घातली, सव्वा कोटीहून अधिक गोळ्या-कॅप्सूल जप्त झाल्या आणि केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घेतली. देशातल्या बाजारातही वेगळं चित्र नाही. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांवर केंद्राने मार्च 2016 मध्ये बंदी घातली तेव्हा फायझरने शेअर बाजाराला कळवलं होतं की एकट्या कोरेक्सची विक्री आधीच्या नऊ महिन्यांत 176 कोटी रुपयांची होती. ती बंदी दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही. 176 कोटींमागे खोकला किती आणि सवय किती, याची विभागणी कोणत्याही ताळेबंदात नसते. ट्रामाडॉलला मादक पदार्थविषयक कायद्याखाली आणायला एप्रिल 2018 उजाडलं. तोपर्यंत ते साध्या वेदनाशामकासारखं विकलं जात होतं. शेतात, साखर कारखान्यावर किंवा ट्रकच्या स्टिअरिंगवर राबणाऱ्या माणसाच्या कंबरदुखीवर मेडिकलवाल्याने दिलेली गोळी वर्षभराने त्याची गरज बनली, तर त्याला नशेडी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

उपचाराच्या बाजूचा धडा पंजाबने दिला आहे. पंजाब नांदेडला परका नाही. सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला रोज जोडून ठेवते. नांदेडच्या अफूची बातमी आली की एका समाजाकडे बोट दाखवणारेही निघतात. ते अन्यायाचं आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. नशेचं गिऱ्हाईक धर्म पाहून होत नाही. पंजाबकडून घ्यायचं ते शिक्षण. तिथल्या सरकारने ऑक्टोबर 2018 पासून बाह्यरुग्ण केंद्रं उघडून बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोक उपचारात आले. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे कुणी केलं नव्हतं. पण सोबत खासगी केंद्रांनाही पैसे घेऊन त्याच गोळ्या देण्याची मुभा राहिली आणि तिथे हिशेब बिघडला. खासगी केंद्रांना पुरवलेल्या कोट्यवधी गोळ्यांचा मेळ लागत नाही, असं 2020 च्या सुमारास खुद्द आरोग्य खात्याच्या चौकशीत आढळलं. 31 डिसेंबर 2024 रोजी 22 केंद्रं चालवणाऱ्या एका डॉक्टरला दक्षता विभागाने अटक केली. बनावट नोंदी करून गोळ्या बाहेर विकल्याचा आरोप आहे आणि त्याचा निकाल न्यायालय देईल. 2025 मध्ये पंजाबने नवे नियम करून एका मालकाला पाचपेक्षा जास्त केंद्रं चालवता येणार नाहीत, असं ठरवलं आणि रुग्णांची बायोमेट्रिक नोंद सक्तीची केली. एकाच राज्यात, एकाच काळात, एकच गोळी दोन दारांतून गेली. मोफत दारातून ती मुख्यतः औषध म्हणून गेली. रोख पैशाच्या दारातून माल म्हणूनही जाऊ लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणत्याही बाजारात किंमत ताळ्यावर राहते ती गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं, भाव विचारू शकतं आणि फसवणूक झाली तर ओरडू शकतं म्हणून. नशेच्या रुग्णाकडे यातलं काहीच नसतं. दुसरं दुकान जवळ नाही: राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यासाठी जालन्याचं रुग्णालय मंजूर व्हायलाही कित्येक वर्षं गेली. भाव विचारायचा तर आधी कशासाठी आलो ते बोलावं लागतं. आणि ओरडायचं तर गावाला कळतं. आपली भाषाच पाहा. साखरेचा विकार असलेला तो मधुमेही, फुप्फुसाचा विकार असलेला तो क्षयरोगी. पण हेरॉइनच्या विळख्यातला ‘गर्दुल्ला’. शब्दातच शिवी आहे, आजाराला त्यात जागा नाही. ‘गर्दुल्ल्या’ला मारहाण झाली तर बातमी होत नाही, त्याला डांबून ठेवलं तर घरचे कुलूप लावणाऱ्याचे आभार मानतात आणि त्याच्याकडून महिन्याला कितीही पैसे घेतले तरी ते त्याच्या कर्माचं फळ ठरतं. भिंतीवरच्या त्या जाहिरातीतलं ‘रुग्णाला न सांगता’ हे या नजरेचं शेवटचं टोक आहे: ज्याच्या पोटात औषध जाणार त्यालाच विचारायची गरज नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा. 2018 पासून तो लागू आहे. दारू आणि मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित स्थिती त्याने मानसिक आजारात धरली, रुग्णाच्या संमतीला कायद्याचं संरक्षण दिलं आणि उपचार केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. नियम बदलून बरीच वर्षं झाली. भिंत तशीच आहे.

या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते हलके नाहीत. पहिला असा की नफा नसेल तर औषध येणार कुठून? बुप्रेनॉर्फिन एका खासगी कंपनीच्याच प्रयोगशाळेत 1966 मध्ये जन्मलं, हे खरं आहे. पण व्यसनावरच्या उपचारात त्याचा उपयोग होतो हे दाखवण्यात अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थांचा, म्हणजे करदात्यांच्या पैशाचा, मोठा वाटा होता. शिवाय नफा आणि लूट यांतला फरक याच राज्यात एकदा दिसलेला आहे. एड्सवरच्या तीन औषधांना वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर पडत होते, तेव्हा फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीच औषधं 350 डॉलरना देऊ केली. सिप्ला बुडाली नाही. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधं मोफत मिळू लागली, पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. त्यानंतर एचआयव्हीच्या रुग्णाची लाजही हळूहळू उतरली, कारण जिच्यासाठी रांगेत उभं राहता येतं ती गोष्ट लपवण्यासारखी राहत नाही. नफ्याला माझा विरोध नाही. अंधारात ठरणाऱ्या किमतीला आहे.

दुसरा आक्षेप मनाला अधिक भिडतो: ही तर एक नशा सोडवून दुसरी लावणं झालं. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीची जी थोर परंपरा आहे, तिचा भर पूर्ण निर्व्यसनीपणावर राहिला. अनिल अवचट यांनी गर्दवर केलेल्या लेखनातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून आणि डॉ. अनिता अवचट यांच्या कष्टातून पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण उभं राहिलं. रुग्णाशी माणुसकीने, हात न उगारता, बरोबरीच्या नात्याने वागायचं, हे महाराष्ट्र तिथे शिकला. माझं म्हणणं या परंपरेला धरूनच आहे. औषध आणि सोबत यांत भांडण नाही; स्वीडनच्या अभ्यासात दोन्ही गटांना समुपदेशन मिळत होतं, फरक औषधाने पडला आणि तो जिवाचा फरक होता. एखादं औषध रोज घ्यावं लागणं म्हणजे व्यसन नव्हे. औषधासाठी घर विकावं लागणं, काम सुटणं, धोका दिसत असूनही हात न थांबणं, हे व्यसन. बाकावर दहा मिनिटं बसून हमालीला जाणारा माणूस त्यातून बाहेर पडलेला आहे. कुणाला वर्षाने गोळी सुटेल, कुणाला दहा वर्षं लागतील. घाईने सोडवण्याची किंमत कुणी मोजली, ते त्या चार मृत्यूंनी सांगितलं आहे.

तिसरा आक्षेप गोळ्या बाहेर झिरपण्याचा, आणि पंजाबमुळे तो खोटा म्हणता येत नाही. पण झिरपा कुठून झाला तेही पंजाबनेच दाखवलं. समोर बसवून दिलेली गोळी बाजारात जाणं कठीण. कागदोपत्री रुग्ण दाखवून खोक्यांनी उचललेली गोळी जाणं सोपं. झिरप्याच्या भीतीने औषधच आवळलं तर काय होतं, याचा अनुभव देशाने मॉर्फिनच्या बाबतीत घेतला आहे. 1985 चा मादक पदार्थविषयक कडक कायदा आला आणि देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर त्या वर्षीच्या 573 किलोंवरून 1997 मध्ये 18 किलोंवर आला. नशेचा बाजार थांबला नाही. कर्करोगाचे रुग्ण मात्र वेदनेने तळमळत गेले. ती चूक सुधारायला 2014 ची कायदादुरुस्ती यावी लागली.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि तो नांदेडमध्ये फार टोचतो. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. औषध तुटवड्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जिथे बाळांना वाचवण्याची मारामार, तिथे नशा करणाऱ्यांवर खर्च कशाला, आणि दारूचा प्रश्न केवढा तरी मोठा असताना अफूच्या मोजक्या रुग्णांची चिंता का? दारूचा प्रश्न मोठा आहे, यात वाद नाही. पण काही रुपयांच्या गोळीने बाळाच्या तोंडचा घास जात नाही. उपचार न मिळाल्यावर होणारा खर्च, सुईतून पसरणारा एचआयव्ही आणि कावीळ, सावकाराचं कर्ज, तुरुंग, पोरकी मुलं, हे सगळं त्याच रुग्णालयांच्या आणि त्याच घरांच्या अंगावर येतं. आणि रुग्ण मोजके आहेत तेव्हाच व्यवस्था उभी करणं शहाणपणाचं. पंजाबने लाखोंची रांग लागल्यावर सुरुवात केली.

मागणी म्हणून साधीच ठेवावी. विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या मनोविकार विभागांतून, तसंच उदगीर, निलंगा, मुखेड, देगलूर, किनवट इथल्या सरकारी रुग्णालयांतून अफूच्या व्यसनावरची औषधं समोर बसवून, मोफत आणि खंड न पडता मिळावीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार नि:शुल्क आहेतच. या आजाराला त्यातून कुणी वगळलेलं नाही, फक्त कुणी मागितलेलं नाही. जी खासगी केंद्रं हे औषध देतात, त्यांनी औषधाचं नाव, मात्रा आणि किंमत मराठीत दारावर लावावी आणि महिन्याला आलेल्या-गेलेल्या गोळ्यांचा हिशेब जिल्ह्याला द्यावा. कंपनीने कोणत्या केंद्राला किती गोळ्या पुरवल्या, हे जाहीर असावं. अन्न व औषध प्रशासनाने दुखण्यावरच्या गोळ्यांच्या ठोक विक्रीवर तीच नजर ठेवावी, जी पोलीस गर्दच्या पुडीवर ठेवतात. आणि ज्या घरात हे संकट आहे त्यांनी भिंतीवरच्या नंबराऐवजी सरकारी मदतवाहिनीचा 14446 हा नंबर लावावा.

यातलं बरंचसं कागदावर आज ना उद्या होईल. पण रुग्ण खिडकीशी येईल की नाही, हे कागदाच्या हातात नाही. सरकारी दवाखान्यात सकाळी केसपेपर काढायची रांग लागते. ताप, खोकला, साखर, रक्तदाब, गर्भारपण. खिडकीतला माणूस नाव, गाव, वय, तक्रार विचारतो आणि लिहून घेतो. मागे उभ्या असलेल्या पंधरा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात एखाद्या पोराने ‘गोळ्यांची सवय लागलीय, सोडायचीय’ असं सांगावं, खिडकीतल्याने मान वर न करता ते लिहावं आणि मागच्या बाईने ‘सरक जरा पुढं, बाळा’ म्हणावं. ज्या दिवशी हे घडू लागेल त्या दिवसापासून आडत बाजारात भाव विचारणारा बाप इथेही भाव विचारील, पावती मागेल, चुकीचं वाटलं तर भांडेल. आणि मग कुठल्याही कंपनीला त्याच्या लाजेवर किंमत लावता येणार नाही.